कॅप्टन व्हायला किती वर्षं?
(वसंत व्याख्यानमाला, वैशाखरे येथील भाषण)

मंडळी, वैमानिकाचा दोनशे तासांच्या उड्डाणाचा व्यावसायिक परवाना, पुढे १५०० तासांनंतरचा मोठा परवाना, हे तुम्ही वाचलेलं असेल. त्यात शिरत नाही. पोरगा गोंदियाला नाहीतर बारामतीला विमान चालवायला शिकून येतो, डोक्यावर कर्ज असतं आणि घरचे विचारतात, "कॅप्टन कधी होणार?"

हे पोराच्या हातात फार थोडं असतं. कंपनीत ज्येष्ठतेची यादी असते. वरचा निवृत्त झाला किंवा नवी विमानं आली, तरच यादी सरकते. निवेदिता भसीन १९८४ साली इंडियन एअरलाइन्समध्ये आल्या आणि १९९० साली, सव्वीसाव्या वर्षी, जेट विमानाच्या कॅप्टन झाल्या. उलट अमेरिकेत डिसेंबर २००७ मध्ये वैमानिकांचं निवृत्तीचं वय साठावरून पासष्टावर नेलं आणि खालचे सगळे जागच्या जागी अडकले. आपल्याकडे २०१२ साली किंगफिशर एअरलाइन्स थांबली, २०१९ साली जेट एअरवेज. तिथला सहवैमानिक दुसरीकडे गेला की यादीच्या तळाशी. म्हणून कर्जाचे हप्ते सहवैमानिकाच्या पगारावर मांडा.

(मागून आवाज : "म्हणजे तोवर कंडक्टरच की!" हशा.)

हसा, पण हे मी मान्य करणार नाही. जातानाचं विमान कॅप्टनने चालवलं, तर येतानाचं बहुधा सहवैमानिकच चालवतो. आणि सहवैमानिकाच्या त्या उजव्या खुर्चीत त्याने एक गोष्ट शिकलीच पाहिजे : वरिष्ठाला "थांबा" म्हणणं.

२२ मे २०१०. दुबईहून मंगळूरला येणारं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान. तिथली धावपट्टी डोंगरमाथ्यावर, पलीकडे दरी. कॅप्टन वाटेत बराच वेळ झोपलेला होता. घोरण्याचा आवाज ध्वनिमुद्रणात आहे. उतरताना विमान फार उंचावर राहिलं. सहवैमानिकाने उतरू नका, परत वर चला, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. धोक्याची यंत्रंही ओरडत होती. कॅप्टन उतरत राहिला. निम्म्याहून जास्त धावपट्टी मागे गेल्यावर चाकं टेकली. विमान दरीत गेलं. १६६ पैकी १५८ माणसं गेली, त्यांत तो सहवैमानिकही.

त्याला कळलं होतं, तो बोललाही होता. ताबा मात्र घेतला नाही. सिम्युलेटरमध्ये बेशुद्ध पडलेल्या कॅप्टनकडून ताबा घ्यायला शिकवतात, ते जमतं. शुद्धीवर असलेल्या, वयाने मोठ्या माणसाच्या हातातून घेणं अवघड, आणि आपल्या घरांत तर मोठ्यांपुढे बोलायचीच चोरी. मी म्हणतो, वर्षं मोजू नका, हे जमलं का ते तपासा. हे न जमलेला दहा वर्षांनी डावीकडे बसला, तरी उजवीकडच्याचं तो ऐकणार नाही.

अध्यक्षमहाराज घड्याळ दाखवताहेत, टोकावड्याच्या मंडळींची गाडीही आहे. टेनेरिफ विमानतळावरचा १९७७ चा अपघात सांगायचा राहिला. तिथेही कॅप्टन कंपनीतला नावाजलेला ज्येष्ठ होता, शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती, आणि ५८३ माणसं गेली. पोराची निवड झाली की त्याला एवढं विचारा : कॅप्टन चुकतोय असं वाटलं तर तुझ्या कंपनीत काय करायला शिकवतात?