कायोगर, कोल्हापूरचा पाऊस आणि तिघांची टीम

आजचा विषय पोकेमॉन गोमधल्या रेडचा. बऱ्याच जणांची तक्रार एकच असते, "आमच्याकडे रेडला माणसंच येत नाहीत, मग फाइव्ह स्टार बॉस पाडायचा कसा?" मोठ्या शहरात दहा-पंधरा जण जमले की कुणी काहीही उतरवलं तरी चालून जातं. इथं शाहूपुरीत आम्ही जमून जमून तिघं. त्यामुळं कोण उतरवायचं हे ठरवूनच जावं लागतं.

आधी हिशोब बघू. फाइव्ह स्टार बॉसचा एचपी १५,०००, वेळ ३०० सेकंद. म्हणजे सेकंदाला ५० डॅमेज झालाच पाहिजे. तिघांत वाटला तर माणशी सतरा. आपली टीम पडून परत आत यायला वेळ जातो, तो धरला तर वीस म्हणा. आता हे वीस आणायचे कुठून?

इथं बहुतेक जण सीपी बघतात. सीपी म्हणजे पैलवानाचं वजन. पण खासबागेत नुसत्या वजनावर निकाल लागत असता, तर कुस्ती बघायला गेलं कोण असतं? समोरच्याच्या डावाला तोड काय, ते महत्त्वाचं. काउंटर म्हणजे तीच तोड.

उदाहरण कायोगरचं घेऊ. टाइप वॉटर, म्हणजे इलेक्ट्रिक आणि ग्रास त्याला लागतात. गेममध्ये त्याचे आकडे ठरलेले आहेत. मूव्ह बॉसच्या कमजोरीवर बसली तर डॅमेज १.६ पट. मूव्हचा आणि आपल्या पोकेमॉनचा टाइप एकच असेल तर आणखी १.२ पट. हवामानाची साथ असेल तर आणखी १.२ पट. आणि बॉस त्या टाइपला दाद देत नसेल तर ०.६२५ पट.

आता जुलैतला पाऊस धरा. गेममध्ये 'रेनी' दिसलं की वॉटर, इलेक्ट्रिक आणि बग या तिघांना बळ मिळतं. चारशे कँडी घालून वाढवलेला ग्याराडोस तुमचा लाडका असेल. पण वॉटरवर वॉटर मारलं की गुणाकार होतो ०.६२५ × १.२ × १.२, म्हणजे ०.९. त्याच पावसात मॅग्नेझोनचे स्पार्क आणि वाइल्ड चार्ज मारा: १.६ × १.२ × १.२, म्हणजे २.३. बाकी सगळं सारखं धरलं तर अडीच पटीचा फरक! शिवाय कायोगरकडं थंडर असेल तर वॉटर-फ्लाइंग ग्याराडोसला ते २.५६ पट बसतं. सीपी कितीही असू दे, आडवाच होतो.

मग ग्रास का नको? पाऊस नसेल तर जरूर घ्या, रोझरेड चांगला आहे. ग्रासला कायोगरचा वॉटरफॉलही कमी लागतो. पण पावसात ग्रासला बळ नाही, म्हणून १.९ वरच थांबतो. आणि कायोगरनं ब्लिझार्ड काढलं तर ग्रासची वाट लागते. मॅग्नेझोन इलेक्ट्रिक-स्टील असल्यामुळं ब्लिझार्डला टिकतो. रायकूलाही ते जास्त लागत नाही. झेक्रॉमचा मार जबरदस्त, पण तो ड्रॅगनही आहे, म्हणून ब्लिझार्ड दिसलं की त्याला मागं ठेवा. पावसात कायोगरचे वॉटर मूव्हही वाढतात हे विसरू नका. मोठी मूव्ह येताना दिसली की बाजूला सरका.

बॉसची चार्ज्ड मूव्ह कोणती, ते लढाईत स्क्रीनवर नाव येतं तेव्हा कळतं. म्हणून पहिला डाव पाहणीचा समजा. हरलात तर रेड संपेपर्यंत त्याच पासवर परत जाता येतं. ब्लिझार्ड आहे की थंडर, हे बघून टीम बदला.

गेम आपणहून जी टीम सुचवतो ती जशीच्या तशी घेऊ नका. त्यात बऱ्याचदा मार खात टिकणारे गडी असतात, मारणारे नसतात. बॉस पाडायला घड्याळाशी कुस्ती असते. त्यापेक्षा टीम रॉकेटकडून मिळालेला शॅडो मॅग्नेमाइट असेल तर तो वाढवा. शॅडोचा मार वीस टक्के जास्त असतो, थोडा लवकर पडतो एवढंच. आणि तिघं असाल तर पार्टी प्ले लावाच. चौघांपर्यंत चालतं, पार्टी पॉवर भरली की पुढची चार्ज्ड मूव्ह दुप्पट लागते.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय, की दिवसाला एक पास फुकट मिळतो. कॉलेजच्या पोरापोरींनी माणसं कमी म्हणून खिशातले पैसे घालून रिमोट पास घेत बसू नये. आकडे जुळले तर तिघंही पुरतात.

तर या आठवड्यात एक काम करा. इलेक्ट्रिकचे सहा गडी निवडा, प्रत्येकाच्या दोन्ही मूव्ह इलेक्ट्रिकच आहेत का तपासा, नसतील तर टीएम वापरा आणि ती टीम नाव देऊन सेव्ह करून ठेवा. लॉबीत दोनच मिनिटं मिळतात, तिथं शोधाशोध नको. आणि हो, पावसात फोन सांभाळा, गाडी चालवताना गेम बंद. भेटू पुढच्या भागात!