डोळ्यांची हालचाल आणि आघाताची स्मृती

ज्या घटनेत जीव, देह किंवा अब्रू यांवर घाला येतो, मनाची सावरण्याची नेहमीची शक्ती तिच्यापुढे थिटी पडते आणि जी घडून गेल्यावरही स्मृतीत घडतच राहते, तिला मानसशास्त्रात आघात म्हणतात. ही स्मृती दुःस्वप्नांतून, अवचित डोळ्यांपुढे उभ्या राहणाऱ्या दृश्यांतून आणि साध्या आवाजाने दचकण्यातून दीर्घकाळ छळत राहिली, की त्या अवस्थेला आघातोत्तर तणाव विकार हे नाव दिले जाते. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत या विकाराला १९८० साली स्वतंत्र स्थान मिळाले. त्यावरील ज्या उपचाराभोवती कुतूहल आणि संशय ही दोन्ही प्रारंभापासून नांदत आली आहेत, त्या ईएमडीआरचा, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेऊन आघाताच्या स्मृतीतील दाह शमवणाऱ्या उपचारपद्धतीचा, विचार मानसोपचारकांच्या या परिषदेत मोकळेपणाने होणे अगत्याचे आहे.

फ्रॅन्सिन शापिरो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विदुषीला १९८७ साली असे जाणवले, की त्रासदायक विचार मनात असताना डोळे वेगाने इकडून तिकडे फिरले तर त्या विचाराची धार बोथट होते. पुढे २२ आघातग्रस्तांवरील आपला अभ्यास तिने १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. आज ही पद्धत आठ टप्प्यांची आहे. रुग्ण आघातातील सर्वांत क्लेशकारक दृश्य, त्याला चिकटलेली स्वतःविषयीची हीन समजूत (‘दोष माझाच’, ‘मी असहाय आहे’) आणि शरीरात उमटणारी संवेदना एकाच वेळी मनापुढे धरतो, त्याच वेळी उपचारकाच्या हलत्या बोटांमागे नजर फिरवतो, आणि प्रत्येक आवर्तनानंतर मनात जे आले ते थोडक्यात सांगतो. क्लेश किती उरला हे शून्य ते दहा या मापावर तोच ठरवतो. मात्र या टप्प्यापूर्वी रुग्णाचा पूर्वेतिहास समजून घेणे आणि स्वतःला शांत करण्याची साधने त्याच्या हाती देणे ही पूर्वतयारी अटळ आहे, आणि जो उपचारक ती टाळून थेट बोटे हलवू लागतो, तो उपचार करत नाही, जखम उघडी टाकतो.

डोळ्यांची हालचाल खरोखर आवश्यक आहे काय, हा वाद जुना आहे आणि त्याकडे पाठ फिरवणे शास्त्राला शोभणारे नाही. डेव्हिडसन आणि पार्कर यांच्या २००१ मधील एकत्रित विश्लेषणात हालचालीमुळे वेगळा लाभ होत असल्याचे दिसले नाही. ली आणि कायपर्स यांच्या २०१३ मधील विश्लेषणात तो मध्यम प्रमाणात दिसला. या लाभाचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण कार्यकारी स्मृतीच्या सिद्धान्तातून मिळते. हाती असलेले काम चालू असेतो माहिती धरून ठेवणारी मनाची ही जागा मर्यादित असते, त्यामुळे आठवण आणि नजरेचे काम यांची तिथे एकाच वेळी दाटी झाली, की आठवणीचे चित्र फिकट होते आणि तशाच फिकट रूपात पुन्हा साठवले जाते. हे मान्य केले, तर डोळ्यांच्या हालचालीत कोणतीही गूढ शक्ती नाही हेही मान्य करावे लागते. लक्षाला तितकाच ताण देणारे दुसरे कामही उपयोगी पडू शकते. या कबुलीने उपचाराची प्रतिष्ठा घटत नाही, उलट तो चमत्कार म्हणून विकणाऱ्यांपासून सुरक्षित राहतो.

परिणामकारकतेविषयी मात्र पुरावा भक्कम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचारासह या पद्धतीची शिफारस केली. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१८ मध्ये ती प्रौढांसाठी सुचवताना युद्धजन्य आघात त्यातून वगळले; हा अपवाद सांगितल्यावाचून शिफारशीचा हवाला देणे अर्धसत्य ठरते.

या उपचाराचा एक गुण येथील समाजासाठी विशेष मोलाचा आहे. घटनेचा तपशील उपचारकाला सविस्तर सांगण्याची सक्ती त्यात नाही, घरी करण्याचे पाठही नाहीत. जिथे लैंगिक अत्याचाराचा उच्चारही घराण्याच्या नावाशी जोडला जातो आणि बाई सासू किंवा नवऱ्याच्या सोबतीनेच दवाखान्यात येते, तिथे न सांगताही बरे होण्याची ही वाट अनेकींना उपचारापर्यंत आणू शकते. सामूहिक आघातांसाठीही तिचे रूप घडले आहे: मेक्सिकोत १९९७ मधील पॉलिन चक्रीवादळानंतर मुलांच्या गटांसाठी जी पद्धत तयार झाली, तिच्यात मुले छातीवर हात आडवे घेऊन खांद्यांजवळ आलटून पालटून थोपटतात आणि आपले भय कागदावर रेखाटतात. गुजरातमधील २००१ च्या भूकंपानंतर या उपचाराचे प्रशिक्षण भारतातही झाले. किल्लारीचा १९९३ चा भूकंप, माळीण आणि इर्शाळवाडी येथील दरडी ज्या राज्याने पाहिल्या, तिथे मदतकार्याच्या आराखड्यात धान्य आणि निवाऱ्याइतकेच मनाच्या उपचारालाही स्थान हवे.

म्हणून या परिषदेतील सभासदांना आवाहन आहे, की पर्यवेक्षणाखाली पुरेसे काम केल्याविना कोणीही हा उपचार स्वतंत्रपणे देऊ नये, जिल्हा रुग्णालयांतील मानसशास्त्रज्ञांना त्याचे प्रशिक्षण मिळावे यासाठी शासनाकडे पाठपुरावा करावा, आणि आपल्या रुग्णांचे यशापयश मराठीत नोंदवून ते ओळख गुप्त ठेवून प्रसिद्ध करावे.