मोहाचा रात्रीचा पाहुणा



डहाणूच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्रात भरते. त्या सुमारास डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर मोह फुलतो. झुंजूमुंजू झाले, की बायामाणसे टोपल्या घेऊन मोहाखाली जातात आणि पडलेली फुले वेचतात. पण त्याआधी, रात्री, त्या झाडावर कोण येऊन गेले?

रात्री येते वटवाघूळ. मोहाचे फूल रात्रीच उमलते. त्याचा वास उग्र असतो. अंधारात वटवाघळाला तो वास लागतो. त्या दिवसांत फांद्यांवर पानेही थोडी असतात. म्हणून फुले सहज सापडतात.

गोड फूल खाताना फुलातली बारीक धूळ, म्हणजे पराग, त्याच्या अंगाला लागतो. ते दुसऱ्या झाडावर गेले, की हा पराग तिथल्या फुलाला लागतो. मग फळ धरते. फळ पिकले, की वटवाघूळ ते दूर नेऊन खाते आणि बी टाकून देते. मोठ्या झाडाच्या सावलीत रोप नीट वाढत नाही. ऊन-पाण्यासाठी ओढाताण होते. लांब पडलेल्या बीला मोकळी जागा मिळते.

कुणी म्हणेल, "अहो, पण ते आमचीच फुलं खातं ना!" खातं, खरं आहे. पण ते चोर नव्हे, वाटेकरी आहे. ते आले नाही, तर फळे कमी धरतील. मग बियांचे तेल कुठून काढणार?

मोठे वटवाघूळ वर्षाला एकच पिल्लू घालते. गलोलीने मारली, तर ती लवकर वाढत नाहीत. त्यांना मारू नका. मात्र हातही लावू नका, आणि त्यांचे उष्टे फळ खाऊ नका. त्यातून आजार होऊ शकतो.

आता आपली चूक पाहू. फुले वेचणे सोपे जावे म्हणून कुणी झाडाखालचा पाला पेटवतो. त्यात मोहाची लहान रोपेही जळतात. जुने झाड एक दिवस पडणारच. नवे झाड फुलायला दहाएक वर्षे लागतात. मग नातवंडे काय वेचतील?

तेव्हा पाला जाळू नका, झाडून बाजूला करा. पावसाच्या तोंडी मोहाचे ताजे बी बांधावर पेरा. जुने बी रुजत नाही. रोपाला काट्यांचे कुंपण घाला. म्हणजे झाड राहील, पाहुणा येईल, आणि आपली टोपलीही भरेल.