कॉलेज सोडणारे मूल आणि घरचा पैसा
(तळवडे येथील पालक मेळाव्यातील भाषण)



नापास मुलांबद्दल आज मला बोलायचे नाही. एके रात्री जेवताना "अब्बा, मला हे कॉलेज करायचे नाही" असे म्हणणाऱ्या मुलाबद्दल बोलायचे आहे. तळवड्याच्या एका बाजूला चाकण, दुसऱ्या बाजूला भोसरी. बरोबरीचा मित्र कंत्राटावर कामाला लागून हप्त्याने मोटारसायकल घेतो, आणि इकडे अम्मीच्या बांगड्या गहाण ठेवून फी भरलेली असते. वर्गात काही कळेनासे झाले, की मुलाला त्या बांगड्यांचेच ओझे वाटू लागते. मग तो महिनोन्महिने गप्प राहतो.

हे गप्प राहणे सर्वांत महाग पडते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली फी परतीचे नियम केले. प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या निदान पंधरा दिवस आधी प्रवेश रद्द केला, तर किरकोळ खर्च वजा जाता सर्व फी परत मिळावी; त्या पंधरा दिवसांत नव्वद टक्के; तारखेनंतर पंधरा दिवसांपर्यंत ऐंशी टक्के; तीस दिवसांपर्यंत पन्नास; आणि त्यापुढे काही नाही. एखाद्या वर्षी आयोग याहून सवलतीची मुदत देतो, इंजिनिअरिंगला सीईटी कक्षाच्या तारखा पाहाव्या लागतात. पण तारीख ही असतेच. बापाच्या रागाला भिऊन मुलगा दिवाळीपर्यंत डबा घेऊन नुसताच घराबाहेर पडत राहिला, तर त्या रागाची किंमत बापानेच मोजलेली असते. म्हणून त्या रात्री आवाज चढवण्याआधी तारीख विचारा.

नाव काढायचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्याचा किंवा पुढच्या वर्षांची फी आगाऊ मागण्याचा अधिकार त्याच नियमांनी कॉलेजला ठेवलेला नाही. हे ठाऊक नसल्यामुळे आपली माणसे खिडकीशी हात जोडून उभी राहतात!

बँकेचे शैक्षणिक कर्ज असेल तर त्यावर सहसा वडिलांचीही सही असते. हप्ते सुरू होण्याची सवलत अभ्यासक्रमाच्या मुदतीवर बेतलेली असते; म्हणून शिक्षण थांबले, की बँकेत स्वतः जाऊन सांगावे. व्याज नको म्हणून पुष्कळांनी मामू-चाचाकडून हातउसने घेतलेले असते. त्यांनाही बातमी बाहेरून कळू देऊ नये. तिथे व्याज नसले तरी येणे-जाणे तुटते.

मुले अझीम प्रेमजींचे उदाहरण देतात. ते खरे आहे, पण पुरते सांगत नाहीत. १९६६ साली वडील वारले म्हणून ते एकविसाव्या वर्षी स्टॅनफर्ड सोडून परतले. अमळनेरची तेलगिरणी चालवणारी कंपनी त्यांची वाट पाहत होती. आणि राहिलेली पदवी त्यांनी तीसहून अधिक वर्षांनी पुरी केली. आपल्या मुलाची वाट पाहणारी गिरणी कुठे आहे?

तेव्हा सोडताना परतीची वाट विचारून ठेवावी. शिकलेल्या सत्रांचे श्रेयांक २०२१ पासून सुरू झालेल्या श्रेयांक बँकेत सात वर्षांपर्यंत राहू शकतात. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांना शिकवते. हातकामाची आवड असेल तर मोरवाडीची आयटीआय जवळ आहे. नुसत्या हेल्परीपेक्षा ट्रेडचे प्रमाणपत्र आणि त्यामागून अप्रेंटिसशिप मी केव्हाही पसंत करीन, मग त्यात दोन वर्षे गेली तरी चालतील.

आता एक गोष्ट भगिनींसाठी. मुलाच्या फीचे पैसे बुडाले, की पुष्कळ घरांत बारावीतल्या मुलीचे पुढचे शिक्षण मुकाट्याने बंद होते. कोणी तसे ठरवत नाही, फक्त तिचा फॉर्म आणला जात नाही. मुलगा कमावू लागला, की पहिल्या पगारापासून बांगड्या सोडवण्याची रक्कम त्याच्याच हाताने वहीत लिहून घ्या. बहिणीची फी त्या वहीत धरू नका. तिचा फॉर्म निकाल लागल्याबरोबर आणा.