टोमॅटोचं बी कधी टाकावं? आधी लावणीचा दिवस धरा

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, भोगावतीला पाणी वाढलं, ही बातमी आपण पावसाळ्यात नेहमी ऐकतो. त्या दिवसांत टोमॅटोचं नावही कुणाच्या डोक्यात नसतं. भाताची भांगलण, उसातलं पाणी काढणं आणि जनावरांची वैरण यांतच दिवस मावळतो. पण दिवाळीच्या आसपास टोमॅटोची लावण करायची असेल, तर तिचा विचार याच दिवसांत करावा लागतो.

दरवर्षी ऑक्टोबर महिन्यात शेतकरी येऊन विचारतात, "साहेब, रान तयार झालंय. आता टोमॅटोचं बी टाकू का?" मला सांगावं लागतं, "रान तयार झालं त्या दिवशी रोप तयार पाहिजे होतं." भाताच्या बाबतीत ही चूक आपण कधी करत नाही. तरवा कधी टाकायचा आणि रोपलावण कधी करायची, हे आपल्या घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. टोमॅटोचं रोप म्हणजे टोमॅटोचा तरवाच. तोच हिशेब इथं करायचा आहे.

माझी एक चूक

दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतःची चूक सांगतो. या तालुक्यात मी नवीन आलो तेव्हा माझ्याजवळ एक छापील वेळापत्रक होतं. त्यात लिहिलं होतं, खरिपाच्या टोमॅटोचं बी जून-जुलैमध्ये टाकावं. घाटाजवळच्या एका गावात पाच गुंठ्यांसाठी मी उघड्यावर गादीवाफा करायला लावला. बी चांगलं उगवलं. पण पुढं आठ दिवस पावसानं उघडीप दिली नाही. रोपं जमिनीलगत काळी पडली, बारीक झाली आणि एकामागून एक आडवी झाली. बाराव्या दिवशी वाफ्यात मोजकी रोपं उरली होती. त्या घरच्या मावशी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "साहेब, कागदावरचा पाऊस वेगळा आणि आमच्या घाटातला वेगळा."

त्यांचं खरं होतं. वेळापत्रक खोटं नव्हतं, पण ते कमी पावसाच्या भागासाठी होतं. आपल्याच जिल्ह्यात शिरोळकडचा पाऊस आणि दाजीपूरकडचा पाऊस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मग दोन्हीकडे बी टाकण्याची तारीख एक कशी असेल? बियाण्याच्या पुडीवरचा महिना हा अंदाज असतो. आपली तारीख आपणच काढावी.

तारीख कशी काढावी?

इंग्लंड, कॅनडा अशा थंड देशांत वसंत ऋतूपर्यंत दंव पडतं. दंवात टोमॅटो जळून जातो. म्हणून तिथले लोक शेवटचं दंव साधारण कधी पडतं ते धरतात, तिथून सहा ते आठ आठवडे मागं येतात आणि घरातच, उजेडाच्या खिडकीपाशी, बी टाकतात. बाहेर दंव संपेपर्यंत आत रोप तयार होतं.

आपल्याकडे अडचण दंवाची नाही, पावसाची आहे. हिशेब मात्र तोच. रान मोकळं होऊन वाफशावर कधी येईल तो दिवस आधी धरावा आणि रोपाच्या वयाएवढे दिवस मागं मोजावेत. सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यावर रोप 25 ते 30 दिवसांत तयार होतं. ट्रेमध्ये 21 ते 25 दिवस पुरतात. थंडीत मात्र 35 ते 40 दिवस धरावेत. त्याचं कारण पुढं सांगतो.

आपल्या भागात यावरून तीन वेळा निघतात.

पहिली वेळ: माळाचं, निचऱ्याचं रान. हस्ताचा पाऊस दणक्यानं पडतो हे आपण जाणतो. हस्त नक्षत्र 10 ऑक्टोबरच्या सुमारास संपतं. तेव्हा लावण 12 ते 20 ऑक्टोबर धरावी. तिथून महिनाभर मागं आलं की बी टाकण्याची वेळ 12 ते 20 सप्टेंबर, म्हणजे उत्तरा नक्षत्र. नोव्हेंबरच्या मध्याला फूल येईल आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात तोडा सुरू होईल. मात्र सप्टेंबरात पाऊस चालूच असतो, म्हणून ही रोपं छताखालीच करावी लागतात.

दुसरी वेळ: भाताचं रान. हळवं भात आधी निघतं, गरवं मागाहून. आपलं भात कधी निघणार ते आपल्यालाच ठाऊक. समजा, 5 नोव्हेंबरला कापणी झाली. रान वाळवणं, नांगरट आणि सऱ्या यांना दहा-बारा दिवस लागतील. म्हणजे लावण 17 नोव्हेंबरच्या आसपास आणि बी 18 ते 20 ऑक्टोबरला. कापणीची वाट बघत बसलात तर महिना हातचा गेला. भातामागं टोमॅटो घेण्याचा एक फायदाही आहे. पाणी साचलेल्या रानात जिवाणूजन्य मर रोगाचा जोर पुढच्या पिकाला कमी राहतो. मात्र लावण सरीच्या वरंब्यावरच करावी.

तिसरी वेळ: उन्हाळी टोमॅटो. इथं घाई करावी लागते ती पुढच्या उन्हामुळं. दिवसाचं तापमान 35 अंशांच्या पुढं गेलं की फूल गळतं. शिवाय उन्हाळ्यात पांढरी माशी वाढते आणि ती पानं आकसणारा बोकड्या रोग पसरवते. फेब्रुवारीअखेर फूल यायचं असेल तर लावण 25 जानेवारीपर्यंत उरकावी आणि बी 15 डिसेंबरच्या आसपास टाकावं. संक्रांत झाल्यावर बी टाकलं तर फूल ऐन उन्हात सापडतं, आणि तोडा रंगात येतो तोवर वळीव गाठतो.

पावसातलं रोप

पाच गुंठ्यांचा हिशेब धरू. दोन सऱ्यांत 90 सेंटिमीटर आणि दोन रोपांत 45 सेंटिमीटर अंतर ठेवलं तर गुंठ्याला सुमारे 250 रोपं लागतात, म्हणजे पाच गुंठ्यांना 1250. मर-तूट धरून 1500 बिया टाकाव्यात. एका ग्रॅममध्ये साधारण 300 बिया बसतात, म्हणजे 5 ग्रॅम बी पुरे. ट्रे वापरायचे तर 98 खणांचे 16 ट्रे लागतील.

आपल्या भागात सगळ्यांत मोठी अडचण कोरड्या मातीची असते. सप्टेंबरात वाफा करायला गेलं की चिखल हाती येतो. म्हणून मे महिन्यातच चाळलेली पोयट्याची माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत पोत्यांत भरून सोप्यात किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात कोरडं ठेवावं. त्याआधी चार ते सहा आठवडे ही माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली उन्हात तापवली तर मातीतली रोगाची बुरशी बरीच मरते. ट्रेसाठी कोकोपीट विकत मिळतं.

वाफा परड्यात, घराच्या नजरेखाली असावा. 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि वीतभर उंच गादी करावी व चारी बाजूंनी चर काढावी. वर बांबूच्या कमानी बसवून पांढरं पारदर्शक प्लास्टिक ताणावं. काळं प्लास्टिक किंवा गवताचं छप्पर नको, त्यानं उजेड अडतो. बाजू उघड्या ठेवाव्यात, म्हणजे वारा खेळेल. त्या बाजूंना बारीक छिद्रांची नायलॉन जाळी लावली तर पांढरी माशी आणि फुलकिडे आत येत नाहीत. बोकड्याची लागण रोपातच झाली तर पुढं रानात कितीही फवारणी करा, उपयोग होत नाही.

बियाण्याला ट्रायकोडर्माची प्रक्रिया करावी. किलोला 5 ग्रॅम असं प्रमाण आहे. आपल्या 5 ग्रॅम बियाण्याला दोन बोटांच्या चिमटीत मावेल त्याहून कमी भुकटी पुरते. कंपनीनं आधीच औषध लावलेलं रंगीत बी असेल तर पुडीवरची सूचना वाचावी. 10 सेंटिमीटरवर रेघा ओढून 1 सेंटिमीटर खोल बी टाकावं आणि झारीनं बेताचं पाणी द्यावं. रोपं जमिनीलगत कोलमडू लागली तर आधी पाणी थांबवावं, वारा मोकळा करावा आणि 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड मिसळून वाफ्यात ओतावं. पूर्वी वाफ्यात फोरेट टाकायला सांगत. त्या औषधावर देशात 2020 अखेरपासून बंदी आहे. कुठं जुना डबा असेल तर वापरू नका.

थंडीतलं रोप

आता डिसेंबरातलं बी. टोमॅटोच्या बियाण्याला उगवायला ऊब लागते. मातीचं तापमान 25 अंश असेल तर बी सुमारे 6 दिवसांत उगवतं. 20 अंशांना 8 दिवस लागतात, 15 अंशांना 14 दिवस आणि 10 अंशांना महिन्याच्या वर. आपल्याकडे धरणाच्या अंगाला, दरीखोऱ्यात डिसेंबरच्या पहाटे धुकं उतरतं आणि पारा 15 च्या खाली जातो. वाफा दिवसा तापतो, पण रात्री गारठतो. म्हणून बी "आलंच नाही" अशी तक्रार येते. बी फसवं नसतं, गारठलेलं असतं.

यावर साधा उपाय आहे. ट्रे भरून, बी टाकून, पाणी देऊन ते एकावर एक रचावेत आणि प्लास्टिकनं गुंडाळून घरात उबदार जागी ठेवावेत. चुलीजवळची भिंत किंवा गोठ्याचा आडोसा चालतो. चुलीला अगदी खेटून ठेवू नयेत. चौथ्या दिवसापासून रोज सकाळी उघडून बघावं. पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी ट्रे उजेडात काढावेत. एक दिवसाचा आळस केला तर अंधारात रोपं दोऱ्यासारखी लांब होतात, आणि असं रोप पुन्हा सुधारत नाही. आपल्याकडे ऊन भरपूर आहे, त्याचा फायदा घ्यावा. दिवसा उन्हात आणि रात्री प्लास्टिकखाली, असा क्रम ठेवावा. पाणी संध्याकाळी न देता सकाळी द्यावं.

रोप लावण्याआधी

लावणीच्या चार-पाच दिवस आधी पाणी कमी करावं आणि छत काढून रोपं उन्हावाऱ्याला सवयीची करावीत. चार-पाच पानांचं, वीतभराहून थोडं कमी उंचीचं, बुंध्याला जाड रोप निवडावं. लावण उन्हं उतरल्यावर करावी. आणि एक विनंती, तंबाखू मळलेल्या हातानं रोपं हाताळू नका. तंबाखूतून विषाणू रोग येतो. आधी साबणानं हात धुवा.

जातींबद्दल थोडं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या धनश्री, भाग्यश्री आणि फुले राजा या जाती आपल्या राज्यात माहितीच्या आहेत. मर रोगाचं रान असेल तर बंगळूरच्या संशोधन संस्थेच्या अर्का रक्षक संकरित जातीचा विचार करावा. तिच्यात जिवाणूजन्य मर, करपा आणि बोकड्या या तिन्हींना प्रतिकार करण्याची ताकद आहे. आपली पसंती गावातल्या अनुभवी शेतकऱ्याला विचारून ठरवावी.

सगळं बी एका दिवशी टाकू नका. निम्मं आज, निम्मं दहा-पंधरा दिवसांनी टाका. परतीच्या पावसानं एक लावण गाठली तर दुसरी हाताशी राहते, आणि कोल्हापूरच्या बाजारात सगळा माल एकाच भावाला सापडत नाही.

त्या मावशींनी पुढच्या वर्षी परड्यात प्लास्टिकचं छत केलं आणि उत्तरा नक्षत्रात बी टाकलं. माती त्यांनी मे महिन्यातच पोत्यात भरली होती. ती कल्पना त्यांची, माझी नव्हे. मी ती आता गावोगाव सांगतो.

थोडक्यात लक्षात ठेवा

1. आधी लावणीचा दिवस ठरवा, मग मागं मोजा. पावसाळ्याअखेर 30 दिवस, थंडीत 40 दिवस.
2. कोरडी माती आणि शेणखत मे महिन्यातच भरून ठेवा.
3. पावसात वर पारदर्शक छत, बाजूला जाळी, खाली उंच गादी.
4. थंडीत बी घरात उगवा, पण कोंब दिसताच उजेडात काढा.
5. बी दोन हप्त्यांत टाका.

काही शंका असल्यास आपल्या तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जरूर यावं. येताना रानाची नव्हे, भात कधी निघणार त्याची तारीख सांगा. बाकीचा हिशेब आपण मिळून करू.