पडद्यावरील खेळ आणि त्यांचे परीक्षक

संगणकाच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या खेळांकडे सुशिक्षित घरांत अजूनहि संशयानें पाहिलें जातें. मुलाच्या हातांत असा खेळ दिसला कीं त्याला अभ्यासाची आठवण करून दिली जाते. मोठ्या माणसाच्या हातांत दिसला तर त्याची कींव केली जाते. कादंबरी, नाटक किंवा बोलपट यांविषयीं मत देणाराला जो मान मिळतो तो खेळांच्या परीक्षकाला सहसा मिळत नाहीं. या अनादराचा कांहीं दोष खुद्द परीक्षकांकडेहि जातो. चित्रें किती रेखीव, आवाज किती घुमणारा, खेळ किती तास पुरतो, असल्या हिशेबांत पुष्कळशीं परीक्षणें गुंतून पडतात आणि शेवटीं शंभरांपैकीं अमुक गुण असा निकाल लावून मोकळीं होतात. शिलाईयंत्राची पारख अशी करतां येईल. पण ज्यानें कीर्तन, तमाशा आणि संगीत नाटक या तिहींना एकाच परीक्षेला बसवून गुण दिले, त्याच्या रसिकतेविषयीं काय म्हणावें?

स्वतंत्र खेळांच्या बाबतींत हा प्रश्न विशेष निकडीचा आहे. मोठ्या प्रकाशक कंपनीचें भांडवल पाठीशीं नसतांना एखाद्या माणसानें, अथवा चार-दहा जणांच्या लहानशा मंडळीनें, स्वतःच्या हिमतीवर रचलेला खेळ तो स्वतंत्र खेळ. पूर्वीं असा खेळ तयार झाला तरी तो दुकानाच्या फळीपर्यंत पोंचविणें दुरापास्त होतें. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीनें २००३ सालीं ‘स्टीम’ नांवाचें दालन आंतरजालावर उघडलें आणि कालांतरानें परक्या कर्त्यांनाहि तेथें जागा मिळूं लागली. २०१७ पासून तर शंभर डॉलर भरले कीं कोणालाहि आपला खेळ तेथें मांडतां येतो. दार उघडलें तशी गर्दीहि लोटली. २०२४ या एका वर्षांत त्या दालनांत १८,००० हून अधिक नवे खेळ आले, म्हणजे दररोज सुमारें ५०. एवढे खेळ कोणीहि मनुष्य खेळूं शकणार नाहीं. तेव्हां परीक्षक या ढिगांतून काय उचलतो आणि त्याविषयीं कोणत्या शब्दांत लिहितो, यावर कोणाच्या तरी चार-पांच वर्षांच्या मेहनतीचें भवितव्य पुष्कळदां अवलंबून राहतें.

मग परीक्षकानें पाहावें तें काय? ल्यूकस पोप यांचा ‘पेपर्स, प्लीज’ हा २०१३ सालचा खेळ या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास चांगला उपयोगी पडतो. अर्स्टॉट्स्का नांवाचें एक कल्पित राष्ट्र, साल १९८२, युद्ध संपून सरहद्द नुकतीच पुन्हां उघडलेली. खेळणाराला सरकारी सोडतींत नाक्यावरच्या तपासनिसाची नोकरी लागते. खेळणारानें गाजवायचा असा पराक्रम येथें नाहीं. बाहेर लांबलचक रांग, मेजावर पारपत्र, प्रवेशाचा परवाना, कामाचा दाखला, आणि हाताशीं दोन शिक्के, एक हिरवा व एक तांबडा. नांव, जन्मतारीख, छायाचित्र, मुदत आणि मोहर यांचा मेळ बसतो कीं नाहीं हें पाहावयाचें आणि शिक्का मारावयाचा. नियम वरचेवर बदलतात व कागद वाढत जातात. पगार मिळतो तो तपासलेल्या माणसांच्या संख्येवर. दिवस संपला कीं घरचा हिशेब पुढें येतो: भाडें, अन्न, ऊब आणि औषध. तपासणींतील पहिल्या दोन चुकांवर नुसती ताकीद मिळते, तिसरीपासून दंड.

एके दिवशीं एक गृहस्थ रांगेंतून येतो. त्याचीं कागदपत्रें बिनचूक असतात. जातां जातां तो विनवितो, कीं मागून आपली बायको येत आहे, तिच्याशीं जरा सांभाळून वागा. बायको येते. तिच्यापाशीं परवाना नसतो. तिला आंत सोडलें तर चूक नोंदली जाणार. ती त्या दिवसांतली तिसरी असेल तर पैसे कापले जाणार, आणि ते पैसे घरच्या औषधाचे असूं शकतात. परत पाठविलें तर नवरा-बायकोची ताटातूट आपल्या हातच्या शिक्क्यानें होणार. नाटककाराला हा प्रसंग रंगवावयाचा तर त्याला एक करुण भाषण लिहावें लागलें असतें. येथें भाषण जवळजवळ नाहींच. सारा भार त्या शिक्क्यावर आणि मागें ताटकळणाऱ्या रांगेवर आहे. खेळणारा घाईंत असतो. त्या घाईमुळेंच तो हळूहळू निर्दय होतो, आणि आपण निर्दय झालों हें त्याला संध्याकाळच्या हिशेबाच्या वेळीं उमगतें.

या खेळाला एखाद्यानें कंटाळवाणा म्हटलें तर तें खोटें नव्हे. पण तेवढ्यानें परीक्षण झालें असें होत नाहीं. कंटाळा हा रचनेंतला दोष आहे कीं तोच खेळाचा विषय आहे, हें त्यानें सांगितलें पाहिजे. हात जें काम करतो आणि गोष्ट जें म्हणते, तीं दोन्ही एकमेकांस धरून आहेत कीं एकमेकांकडे पाठ फिरवून बसलीं आहेत? निरनिराळ्या जातींच्या खेळांना लावतां येईल अशी कसोटी असलीच तर ती ही.

महाराष्ट्राला ती अपरिचित वाटण्याचें कारण नाहीं. परंपरा ज्याचें कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देते, त्या मोक्षपटांत शिडी म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. सोंगटी वर चढते किंवा खालीं घसरते तोच उपदेश. तो निराळा सांगावा लागत नाहीं. भारतांतला हा खेळ पुढें इंग्लंडांत गेला, कालांतरानें घरांवरचीं नांवें गळून पडलीं आणि नुसती सापशिडी उरली. मुलें ती आजहि आवडीनें खेळतात, पण साप कां गिळतो हें कोणी विचारीत नाहीं.

उड्या मारण्याचे खेळ ही पडद्यावरची फार जुनी जात. त्यांत अर्थ तो काय असणार, असें वाटणें साहजिक आहे. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनीं अवघ्या चार दिवसांत एक इवलासा खेळ केला होता. त्याचाच विस्तार होऊन २०१८ सालीं ‘सेलेस्ट’ पुरा झाला. मॅडलीन नांवाची एक तरुणी डोंगर चढूं पाहते. उडी मारणें, भिंतीला धरून राहणें आणि हवेंत एकदां झेप घेणें, एवढींच तिचीं साधनें. डोंगर चढणें अत्यंत कठीण. शेंकडों वेळां पडावें लागतें. परंतु पडल्यावर ती क्षणार्धांत त्याच टप्प्याशीं पुन्हां उभी राहते. मॅडलीनला मधूनमधून जीव घाबरा करणारी भीति ग्रासते, आणि वाटेंत तिच्याच मनाची काळी बाजू मूर्तिमंत होऊन तिचा पाठलाग करूं लागते. आधीं ती तिच्यापासून पळते, मग तिला झिडकारते. अखेरीस दोघींचा समेट होतो आणि त्या क्षणापासून मॅडलीनला हवेंत एकाऐवजीं दोन झेपा घेतां येतात. मनाचा समेट झाल्याचें येथें बोटांना कळतें. ज्यांना ही चढण झेपणार नाहीं त्यांच्यासाठीं कर्त्यांनीं वेग मंद करण्याची आणि पडण्याचें भय काढून टाकण्याचीहि सोय ठेवली आहे. कांहीं कडव्या खेळाडूंना ही सवलत मानवली नाहीं. डोंगराची चढण प्रत्येकाच्या छातीप्रमाणें निराळी असते, हें ते विसरले असावेत.

याच्या उलट बाजूस ‘स्टारड्यू व्हॅली’. एरिक बॅरन या तरुणानें साडेचार वर्षें एकट्यानें बसून त्याची आज्ञावली, चित्रें, संगीत आणि संवाद सर्व कांहीं रचलें. २०१६ सालीं तो खेळ बाहेर पडला आणि २०२४ अखेरपर्यंत त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती खपल्या. कचेरींतल्या नोकरीला विटलेला मनुष्य आजोबांनीं ठेवलेल्या शेतावर परततो, नांगरतो, पेरतो, गांवकऱ्यांच्या ओळखी करून घेतो. हा खेळ गोड आहे यांत शंका नाहीं. तरी त्याच्यांत एक विसंगति आहे आणि स्तुतीच्या पुरांत ती वाहून जाऊं नये. त्याच्यांतला एक दिवस खऱ्या घड्याळाच्या सुमारें १४ मिनिटांत संपतो आणि ऋतु २८ दिवसांचा. पिकाला किती दिवस लागतील, बियाण्यावर किती नफा सुटेल, भेट कोणाला कधीं द्यावी, याचे हिशेब करतां करतां कचेरींतून पळालेला मनुष्य शेतावर स्वतःचीच एक कचेरी थाटून बसतो. गोष्ट निवांतपणाचें गुणगान करते आणि घड्याळ हाताला धांवडवतें. कित्येक खेळणारांना ही धांवपळच प्रिय असते. तरीहि गोष्ट एक बोलते आणि नियम दुसरें करावयास लावतो, हें परीक्षणांत नमूद झालेंच पाहिजे.

कोड्यांच्या जातींत पोप यांचाच २०१८ सालचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ हा खेळ नांवाजण्याजोगा आहे. १८०७ सालीं ईस्ट इंडिया कंपनीचें एक बेपत्ता झालेलें गलबत निर्मनुष्य स्थितींत परत येतें, आणि त्यावरील ६० जणांचें काय झालें हें एका विमा-तपासनिसानें शोधून काढावयाचें. सर्व चित्रें केवळ दोन रंगांत. कोणाच्या झोळण्याचा क्रमांक, कोणाच्या बोलण्याची ढब, कोणाचा पोषाख, एवढ्यावरून नांवें जुळवावयाचीं. तीन उत्तरें बरोबर आलीं कींच खेळ होकार देतो. त्यामुळें अंदाजपंचें ठोकून देणाराची डाळ शिजत नाहीं. याविषयीं अधिक सांगणें म्हणजे रहस्यकथेचा शेवट फोडणें होय.

आतां घरच्या खेळाकडे. ‘राजी’ हा खेळ पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या मंडळीनें रचला. २०१७ सालीं लोकवर्गणीनें पैसा उभा करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं आणि २०२० सालीं खेळ बाहेर पडला. राक्षस धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि डोंबाऱ्याच्या कसरती अंगीं मुरलेली राजी त्याच्या शोधांत निघते. दुर्गा आणि विष्णु तिच्या वाटचालीवर आपसांत बोलत राहतात. राजस्थानी धाटणीचे वाडे, जाळीदार सज्जे, पुराणकथांचीं भित्तिचित्रें, कळसूत्री बाहुल्यांसारखे हलणारे प्रसंग, हें सारें डोळ्यांना तृप्त करतें. त्या वर्षीं ‘द गेम अवॉर्ड्स’ या अमेरिकेंतील समारंभांत पदार्पणाच्या पारितोषिकासाठीं त्याचें नांव झळकलें, तेव्हां पुणेकरांना अभिमान वाटला असल्यास नवल नाहीं.

पण अभिमानानें परीक्षकाची लेखणी बोथट होऊं नये. राजीच्या उड्या, खांबांभोंवतीं फिरून मारलेला त्रिशूळ, भिंतीवरून घेतलेली गिरकी, यांत तिचें कसरतपटुत्व दिसतें आणि तेथपर्यंत हात व गोष्ट बरोबर चालतात. पुढें मात्र चौकांत कोंडून राक्षसांच्या टोळ्यांशीं करावयाच्या झुंजी एकासारख्या एक येत राहतात. त्यांत भावासाठीं व्याकुळ झालेली बहीण दिसेनाशी होते. शेवट तर असा अचानक येतो कीं पुढचा अंक कोणीतरी कापून ठेवल्यासारखें वाटतें. भारतीय कथेवरचा खेळ म्हणून या उणिवांकडे काणाडोळा करणारीं परीक्षणें कर्त्यांच्या कांहींच उपयोगीं पडत नाहींत. परक्या खेळाला ज्या कडक नजरेनें पाहावें तिनेंच राजीलाहि पाहणें, हा तिच्या कर्त्यांचा खरा सन्मान आहे. आणि त्या नजरेनें पाहूनहि तिचे वाडे आणि भित्तिचित्रें मनांत राहतात.

शेवटचा खेळ अगदीं लहान. कॅनडांतील टोरोंटो येथील ‘विसाई गेम्स’ या मंडळीचा ‘वेंबा’ २०२३ सालीं निघाला आणि २०२४ सालीं त्याला ब्रिटिश अकादमीचें पदार्पणाचें पारितोषिक मिळालें. वेंबा ही कॅनडांत जाऊन राहिलेली तमिळ गृहिणी. कथा १९८८ पासून सुरू होते. आईनें दिलेलें पाककृतींचें पुस्तक तिच्यापाशीं आहे, पण त्याचीं पानें फाटलेलीं आणि डागाळलेलीं. इडलीच्या ताटल्या भांड्यांत कशा रचावयाच्या, पुट्टूच्या नळींत पीठ आणि खोबरें कोणत्या क्रमानें भरावयाचें, हें नेमकें डागाखालीं गेलेलें असतें, आणि खेळणारानें तें ताडावयाचें. स्वयंपाक चालूं असतां रेडिओवर तमिळ चित्रपटांच्या धाटणीचीं गाणीं लागतात. कोडीं सोपीं आहेत, चुकलें तरी कांहीं बिघडत नाहीं, आणि मधलीं वर्षें कथा फार लांब ढांगा टाकून ओलांडते. एवढे दोष मान्य केले पाहिजेत. पण आईची कृति आठवून हातानें पुन्हां जुळविणें हाच विषय आणि तेंच काम, अशी येथली एकरूपता दुर्मिळ आहे.

हा खेळ दीड तासाच्या आसपास संपतो. तासामागें किती रुपये पडले असा हिशेब मांडणारा परीक्षक त्याला खालचे गुण देईल. व्यवहाराचीहि एक अडचण आहे. विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आंत, आणि दोन तासांहून कमी खेळलेला असल्यास, स्टीमवर खेळाचे पैसे परत मागतां येतात. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें नियम रास्त आहे. कोणी फसूं नये यासाठींच तो केलेला. परंतु दीड तासांत पुरा होणारा खेळ शेवटपर्यंत खेळून, डोळे पुसून, पैसे परत मागणारालाहि तो अडवीत नाहीं. अशा खेळाच्या परीक्षणांत लांबीचा उल्लेख अवश्य असावा, पण ‘फक्त’ हा शब्द लिहिण्यापूर्वीं परीक्षकानें थोडें थांबावें.

कथेच्या उत्तरार्धांत वेंबाचा मुलगा कविन मोठा झालेला असतो. घरचा डबा शाळेंत नेण्याची त्याला लाज वाटत असे. आतां तो स्वतः चुलीशीं उभा राहून आईचें तेंच पुस्तक उघडतो. डाग तेच असतात. फरक एवढाच, कीं आतां खेळणाराला त्या तमिळ अक्षरांपाशींहि अडखळावें लागतें.