मोडक्या एंजिनाचें मोल



आमच्या गांवाच्या नांवांतच सडक आहे. नागपुराहून रायपुराकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वींचा क्रमांक ६ व आतांचा ५३, सडक अर्जुनीवरून जातो. त्यामुळें चालत्या मोटारींप्रमाणेंच बंद पडलेल्या मोटारीही आमच्या नित्य परिचयाच्या. मीं आयुष्यभर मुलांना गणित शिकविलें. यंत्रविद्येची पदवी माझ्यापाशीं नाहीं. परंतु माझा एक जुना विद्यार्थी रस्त्यालगत मोटारदुरुस्तीचा कारखाना चालवितो, आणि निवृत्तीनंतर तेथील बांकावर माझा पुष्कळ वेळ जातो. आज जें सांगणार आहें तें त्या बांकावरून पाहिलेलें आहे.

मागें एकदां तेथें एम. जी. जातीची, टी. सी. नांवाची, दोन आसनांची लहानशी मोटार आली. इंग्लंडांतील ॲबिंग्डन येथें १९४५ पासून १९४९ पर्यंत अशा सुमारें दहा हजार गाड्या तयार झाल्या. मालक मंडळींच्या आजोबांनीं ती हौसेनें घेतलेली. वाटेंत दट्ट्याला क्रँकशाफ्टशीं जोडणारा दांडा तुटला आणि एंजिनाच्या ओतीव लोखंडी ठोकळ्याची कूस फोडून बाहेर आला. भोंक एवढें, कीं त्यांतून मूठ जावी. भंगारवाल्यानें जागच्या जागीं वजनावर भाव सांगितला. घरांतील तरुण मंडळी दुसरें कसलेंही चालू एंजिन बसवून मोकळें होण्याच्या विचारांत होती. वडील बाईंनीं मात्र विचारलें, "भाऊ, हें खरोखरच गेलें का?" माझा विद्यार्थी म्हणाला, "काकू, मोजल्याशिवाय कसें सांगूं?"

मोल ठरवितांना पहिला प्रश्न हा, कीं ह्याच्यासारखें दुसरें मिळतें काय? वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्याची फियाट, पुढें जिचें नांव पद्मिनी झालें, आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं होती. तिच्या १०८९ घन सेंटिमीटरांच्या एंजिनास असें भोंक पडलें असतें, तर दुसरा ठोकळा आणून बसविण्यांत कांहींच वावगें नव्हतें. मुंबईच्या टॅक्सींतून ती २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली, तरी तिचे भाग अद्याप सांपडतात. टी. सी. ची गोष्ट निराळी. तिच्या एंजिनाचा क्रमांक अष्टकोनी पितळी पट्टीवर असतो. तो नोंदणीपुस्तकाशीं ताडून पाहावा. जुळला, तर ठोकळा त्या गाडीचा सख्खा. शिवाय केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांवरील गाडीस 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते, ती एंजिन, सांगाडा वा बाह्यांग यांत मोठा फेरफार झालेला नसेल तरच. भंगाराच्या चार पैशांसाठीं त्या मंडळींनीं गाडीचेंच मोल घालविलें असतें.

मग तपासणी. भोंक पाहून घाबरण्यापेक्षां तें कोठें आहे हें पाहावें. ज्या भिंतीमागें केवळ तेल उडतें, तेथील भोंक बुजवितां येतें. पाण्याच्या पोकळीस गेलेला तडा अधिक वाईट. आणि क्रँकशाफ्ट ज्या आडभिंतींवर टेकतो त्यांपैकीं एखादी तडकली असेल, तर चांगला मिस्त्रीही नकारार्थी मान हलवितो. सूक्ष्म तडा डोळ्यांस दिसत नाहीं. तो शोधण्याची युक्ति पाहून मला फार मौज वाटली, कारण तींत माझें जन्माचें हत्यार होतें. ठोकळा धुऊन त्यास घासलेट चोपडतात, कांहीं वेळानें कोरडा पुसतात, आणि वर खडूची पूड लावतात. तड्यांत मुरलेलें घासलेट हळूहळू बाहेर येऊन पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटवितें. ह्या ठोकळ्यावर भोंकापासून निघालेली रेघ दोन बोटें जाऊन थांबली होती; पाण्याच्या पोकळीपर्यंत ती पोंचली नव्हती.

नळकांडें वरच्या टोंकाशीं सर्वांत अधिक झिजतें. म्हणून वर, मध्यें, खालीं असें मोजावें. येथें मूळ व्यास ६६.५ मिलिमीटर, दट्ट्याची धांव ९० मिलिमीटर. चार नळकांड्यांचे १२५० घन सेंटिमीटर होतात. (हें गणित मीं खडूनें फरशीवर करून दाखविलें, कारखान्यांतल्या पोरांनीं तें उदारपणें मान्य केलें.) झीज फार असल्यास छिद्र वाढवून मोठे दट्टे घालतात. क्रँकशाफ्टही घासून इंचाच्या दहा-दहा सहस्रांशांनीं बारीक करतां येतो. पण त्यालाच तडा असेल तर तो टाकावा, जोडूं नये.

वेल्डिंग करणारे उतावीळ असतात. ओतीव लोखंडांत दोन ते चार टक्के कर्ब असल्यामुळें तें ठिसूळ. एकाच जागीं तापविलें, कीं निवून आकसतांना शेजारींच नवा तडा पडतो. म्हणून थंड टांक्यांची रीत मला अधिक पटली. तड्याच्या टोंकास भोंक पाडून त्यास थांबवितात. मग ओळीनें भोंकें पाडून, आटे काढून, एकेक स्क्रू असा पिळतात कीं तो शेजारच्याचा थोडा भाग खातो. आणि आडव्या पट्ट्या ठोकून दोन्ही कडा बांधतात. मोठ्या भोंकावर लोखंडाचें ठिगळ ह्याच रीतीनें बसतें. गोधडी शिवणाऱ्या बाईस ही विद्या समजावून सांगावी लागणार नाहीं.

एक सावधगिरी मात्र हवी. ह्या एंजिनाचा वंश हॉचकिस ह्या फ्रेंच कंपनीच्या कॉव्हेंट्री येथील कारखान्याशीं पोंचतो. मॉरिस यांनीं तो १९२३ सालीं विकत घेतला. तेथील यंत्रें मेट्रिक मापाचीं. म्हणून बोल्टांचे आटे मिलिमीटरांत आणि डोकीं इंग्रजी पान्याचीं! पाना बसला म्हणून बाजारांतला इंग्रजी बोल्ट पिळला, तर वांचविलेला ठोकळा तेथेंच नासतो.

आतां किंमत. तशाच चांगल्या एंजिनाच्या भावांतून दुरुस्तीचा व भागांचा खर्च वजा करावा, आणि उघडल्यावर जें निघेल त्यासाठीं आणखी कांहीं राखावें. परक्याकडून घेतांना बाकी शून्याखालीं येत असेल तर घेऊं नये. स्वतःच्या गाडीचें सख्खें एंजिन असेल, तर क्रमांक जुळल्यानें गाडीच्या मोलांत पडणारी भरही बेरजेंत धरावी. काकूंच्या हिशेबांत ती धरली, तेव्हां उत्तर दुरुस्तीच्या बाजूनें आलें. दट्टे व दांडे विलायतेहून मागवावे लागले, आणि कामास सात महिने लागले.

दुरुस्त केलेलें एंजिन पहिल्या कांहीं शें किलोमीटरांत पळवूं नये, आणि पहिलें तेल लवकर बदलावें. काढलेलें तेल फेंकण्यापूर्वीं पांढऱ्या फडक्यावर ओतून पाहावें. चकाकणारे कण दिसले, तर कोठेंतरी बेअरिंग खरवडत आहे. काकूंनीं तें फडकें स्वतः उजेडांत धरून पाहिलें. तेल काळें होतें. चकाकणारा कण एकही नव्हता.